दही लागताना काढलेल्या थ्रीडी फोटोंवर टीडीए वापरावं का? थ्रेशोल्ड हलवला की उत्तरच बदलतंय

विरजण

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय सॉफ्ट मटेरियल्स, म्हणजे जेल, फेस, इमल्शन असल्या गोष्टी, ज्या धड घन नाहीत आणि धड द्रवही नाहीत. सध्या माझ्याकडे जे जेल आहे ते सगळ्यांच्या घरचं आहे, दही. फक्त आम्ही विरजण लावत नाही, साय काढलेल्या दुधात जीडीएल नावाची पावडर घालतो. ती पाण्यात विरघळल्यावर हळूहळू आम्ल तयार करते आणि पीएच साधारण ६.६ वरून ४.६ च्या आसपास उतरतो. जिवाणू नसल्यामुळे आज केलं काय आणि पुढच्या आठवड्यात केलं काय, प्रयोग बराचसा सारखाच होतो.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. दुधात केसिनचे बारीक गोळे तरंगत असतात, सरासरी दीडशे नॅनोमीटर धरा. ताज्या दुधात ते एकमेकांना लांब ठेवतात. आम्ल वाढलं की त्यांच्यावरचा विद्युतभार कमी होत जातो, ४.६ ला तो जवळपास शून्य होतो, आणि गोळे चिकटायला लागतात. गोळ्याला गोळा लागून दोरे, दोऱ्यांचं जाळं, आणि त्या जाळ्यात सगळं पाणी अडकलेलं. वाटी तिरकी केली तरी दही सांडत नाही ते या जाळ्यामुळे.

मी प्रोटीनला फास्ट ग्रीन रंग देते आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली (हा लेझरने थरामागून थर टिपतो) दर दोन मिनिटांनी एक थ्रीडी स्टॅक, म्हणजे थरांची चळत, काढते, ५१२ बाय ५१२ बाय १०० पिक्सेल. आता अडचण. जाळं किती जाड, भोकं किती मोठी हे काढायला आधी ठरवावं लागतं की कुठला पिक्सेल प्रोटीन आणि कुठला पाणी, म्हणजे थ्रेशोल्ड. तो जरा वर घेतला की दोरे तुटलेले दिसतात, जरा खाली घेतला की सगळी भोकं बुजतात. मग भोकांचा सरासरी आकार काळानुसार वाढला असं जे मी म्हणते ते दह्याबद्दल म्हणते की माझ्या थ्रेशोल्डबद्दल, हेच मला कळेनासं झालंय. दुसरीकडे रिओमीटरवर जी-प्राइम, म्हणजे जेलचा ताठपणा, जेल लागल्यानंतरही कितीतरी वेळ हळूहळू वाढतच राहतो, आणि फोटो बघावेत तर आधीचे आणि नंतरचे डोळ्यांना सारखेच. आत काहीतरी सरकतंय नक्की, कारण शेवटी कडेला पाणी सुटतं.

एका सेमिनारमध्ये ऐकलं की अशा बदलत्या जाळ्यांसाठी टोपोलॉजिकल डेटा ॲनालिसिस, म्हणजेच टीडीए, वापरतात, पर्सिस्टंट होमॉलॉजी वगैरे. दोन पेपर उघडले, पहिल्या पानावर सिंप्लिशियल कॉम्प्लेक्स बघून बंद केले. खरंच कामाचं आहे का हे? आणि असेल तर माझ्यासारखीने कुठून सुरू करावं?

---

उजनीकाठ

ताई, सिंप्लिशियल कॉम्प्लेक्स सध्या सोडून द्या, तुमच्याकडे पिक्सेल आहेत त्यामुळे तुम्हाला ते तसंही लागणार नाही, चौकोनी ठोकळ्यांवर चालणारं क्युबिकल व्हर्जन असतं ते वापरायचं. आधी कल्पना डोक्यात बसवू.

मी इंदापूरकडचा. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरायला लागलं की आधी उंचवट्यांची टोकं दिसतात, पळसदेवच्या देवळाचं शिखर वर येतं, मग आजूबाजूची टेकाडं. प्रत्येक टोक वर आलं म्हणजे एक बेट जन्मलं. पाणी अजून उतरलं की दोन बेटांमधली खिंड उघडी पडते आणि ती जोडली जातात. हिशोब असा ठेवायचा की जोडताना ज्याचं टोक जास्त उंच ते थोरलं बेट टिकलं आणि धाकटं त्याच्यात विलीन झालं. म्हणजे धाकट्याला एक जन्माची पातळी मिळाली आणि एक मरणाची. हे दोन आकडे कागदावर ठिपका म्हणून मांडा. सगळ्या बेटांचे ठिपके मांडले की झाला पर्सिस्टन्स डायग्राम.

तसंच कड्यांचं. जमिनीची एक वळी पूर्ण होऊन मध्ये पाण्याचं डबकं अडकलं की कडी जन्मली, डबकंही आटून तिथे जमीन आली की कडी मेली. थ्रीडीत आणखी एक प्रकार, सगळ्या बाजूंनी बंद पोकळी, माठात कोंडलेल्या हवेसारखी. तुकडे, कड्या, पोकळ्या, यांना अनुक्रमे एच-शून्य, एच-एक, एच-दोन म्हणतात.

तुमच्या फोटोत उंची म्हणजे पिक्सेलची चमक. थ्रेशोल्ड लावणं म्हणजे एका ठरावीक दिवशी धरणाचा एकच फोटो काढणं, आणि तुम्ही भांडताय ते कुठल्या दिवशीचा फोटो खरा यावर. पर्सिस्टन्समध्ये अख्ख्या उन्हाळ्याची नोंद राहते. पाणी चार बोटं उतरलं की लगेच नाहीसं होणारं बेट म्हणजे नॉइज, त्याचा ठिपका कर्णरेषेला, म्हणजे जिथे जन्म आणि मरण सारखंच त्या रेषेला, चिकटून पडतो. महिनोन् महिने टिकलेलं बेट म्हणजे खरी टेकडी, तिचा ठिपका रेषेपासून लांब.

आणि ही नुसती छान उपमा नाहीये, याच्यामागे पक्कं प्रमेय आहे. कोहेन-स्टायनर, एडेल्सब्रुनर आणि हेरर यांनी २००७ मध्ये मांडलं की मूळ फोटोत प्रत्येक पिक्सेल जास्तीत जास्त एवढा हलला तर डायग्राममधला कुठलाही ठिपका त्याहून जास्त हलत नाही. थ्रेशोल्डवाल्या सरासरीला अशी हमी कुणीच देत नाही, एक पिक्सेल इकडचा तिकडे झाला तर अख्खं जाळं तुटू शकतं. मला या विषयात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हे प्रमेय.

मटेरियल्समध्ये हे चालतं याचा पुरावा हवा असेल तर हिराओका आणि मंडळींचा २०१६ चा पीएनएएस या नियतकालिकातला पेपर बघा. सिलिकाची काच आणि वितळलेली सिलिका, दोन्हीकडे अणू अस्ताव्यस्तच दिसतात, पण डायग्राममध्ये काचेचे ठिपके ठरावीक वक्रांवर जमतात आणि द्रवाचे पसरतात. डोळ्यांना सारखं दिसणारं तिथे वेगळं होतं. तुमचीही तक्रार तीच आहे ना.

---

खडकाची भोकं

वरचं सगळं बरोबर, पण मी सच्छिद्र खडकांच्या मायक्रो-सीटीवर, म्हणजे एक्स-रेने काढलेल्या थ्रीडी फोटोंवर, काम करतो आणि माझा अनुभव असा की चमकेवर केलेला डायग्राम रिओलॉजीवाल्यांना दाखवला की पहिला प्रश्न येतो, हे एकक काय आहे? चमक मायक्रॉनमध्ये मोजता येत नाही. त्यामुळे साइन्ड डिस्टन्स वापरून बघा. प्रोटीनच्या आतल्या प्रत्येक व्हॉक्सेलला, म्हणजे थ्रीडी पिक्सेलला, पृष्ठभागापासूनचं अंतर उणे चिन्हाने द्यायचं, पाण्यातल्याला अधिक चिन्हाने, आणि मग सगळ्यात उण्यापासून वर चढत जायचं. म्हणजे आधी जाड गाठींचे गाभे दिसतात, मग ते फुगत पृष्ठभागापर्यंत येतात, आणि शून्यानंतर पाण्याच्या भोकांत पसरायला लागतात.

आता गंमत बघा, ठिपका कुठल्या चौकोनात पडला यावरूनच अर्थ लागतो. एच-एकचा ठिपका ज्याचा जन्म उणे आणि मरण अधिक, ती जाळ्यातली खरी कडी. तिचा जन्म किती उणे, तर त्या कडीतला सगळ्यात बारीक दोरा जेवढा जाड त्याच्या निम्मा. तिचं मरण किती अधिक, तर कडीचं तोंड जेवढं रुंद त्याच्या निम्मं. म्हणजे एका ठिपक्यात दोऱ्याची जाडी आणि भोकाची रुंदी दोन्ही मायक्रॉनमध्ये मिळाली, आणि तीही त्याच एका कडीची. एच-दोनमध्ये दोन्ही आकडे अधिक असतील तर जन्म म्हणजे भोकाचा गळा आणि मरण म्हणजे भोकाचं पोट.

तुमचं जेल म्हातारं होताना दोरे जाड होत असतील आणि भोकं मोठी, तर एच-एकचे ठिपके डावीकडे आणि वर सरकायला हवेत, आणि एकूण कड्या कमी व्हायला हव्यात. पण दोरे ताणले जाऊन बारीक होत असतील तर जन्माचे आकडे शून्याकडे येतील. पाणी सुटण्याच्या आधी मी असता तर हेच बघितलं असतं, शून्याजवळ गर्दी वाढते का.

हे करताना एक नक्की सांभाळा. कॉन्फोकलचं रेझोल्यूशन खोलीच्या दिशेने आडव्यापेक्षा बरंच खराब असतं, अंदाजे तीन पट धरा, आणि व्हॉक्सेलही बहुतेक वेळा घनाकृती नसतो. अंतर काढायला पायथनच्या सायपाय लायब्ररीत जो डिस्टन्स ट्रान्सफॉर्म आहे त्याला सॅम्पलिंग नावाचा पॅरामीटर आहे, तिथे तिन्ही दिशांची खरी मापं टाका. आणि ५१२ बाय ५१२ बाय १०० म्हणजे २ कोटी ६२ लाख व्हॉक्सेल होतात, दर दोन मिनिटांच्या प्रत्येक फ्रेमला, तर आधी प्रत्येक दिशेने निम्मं करून घ्या, ३३ लाखांच्या आत येतं, लॅपटॉपवरही बघता येईल. सॉफ्टवेअर म्हणाल तर गुढी, म्हणजे आपली पाडव्याची नाही, फ्रान्सच्या इनरिया या संशोधन संस्थेची लायब्ररी, पायथनमधून चालते. किंवा जपानचं होमक्लाउड, त्यात ठिपक्यावरून परत फोटोतल्या जागेवर जाता येतं आणि ते तुम्हाला लागणारच आहे.

---

विरजण

उजनीकाठ दादा, पळसदेवचं उदाहरण वाचलं आणि पहिल्यांदा डायग्राम समजला, मनापासून आभार.

खडकवाले दादा, एक शंका. अंतर मोजायचं तर आधी पृष्ठभाग कुठे ते ठरवायला हवं, म्हणजे पुन्हा थ्रेशोल्ड आलाच की. ज्याच्यापासून पळत होते तोच पुढच्या दाराने आत आला.

---

खडकाची भोकं

अगदी खरं, आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. खडकाच्या फोटोत दगड आणि हवा यात एवढा फरक असतो की आम्हाला हे फार जाणवत नाही, तुमच्या दह्यात तसं नाही. मार्ग असा की दोन्ही करा. चमकेवरचा डायग्राम सांगेल की बदल होतोय की नाही, तिथे थ्रेशोल्ड नाही. अंतरावरचा डायग्राम सांगेल की बदल किती मायक्रॉनचा, तो तीन वेगवेगळ्या थ्रेशोल्डवर काढा. तिन्हींमध्ये आकडे वेगळे येतील पण सरकण्याची दिशा एकच आली तर ते निष्कर्ष म्हणून लिहा, दिशाच बदलत असेल तर लिहू नका.

---

साबणाचा फेस

मी फेसावर काम करते, आणि ज्यांच्याकडे काळानुसार बदलणारा डेटा आहे त्यांच्यासाठी मला एक गोष्ट फार तळमळीने सांगायची आहे कारण माझं पाऊण वर्ष त्यात गेलं. डायग्राम तुम्हाला किती आणि केवढ्या ते सांगतो. कुठली ते सांगत नाही.

दोन काचांमध्ये दाबलेला साबणाचा फेस घ्या, बुडबुड्यांचा एकच थर. त्यात दोन प्रकारचे बदल होतात. एक, लहान बुडबुडा आटत आटत नाहीसा होतो, याला टी-टू म्हणतात. वॉन नॉयमनने १९५२ मध्ये दाखवलं की अशा फेसात सहापेक्षा कमी बाजूंचा बुडबुडा आटतो, जास्त बाजूंचा वाढतो, आणि बरोबर सहा बाजूंचा आहे तसा राहतो, तो दिसायला केवढाही असो. एक बुडबुडा गेला की एक कडी गेली, बेटी नंबर, म्हणजे कड्यांची संख्या, एकने उतरला, टीडीएला हे लख्ख दिसतं. दुसरा बदल म्हणजे टी-वन. चार बुडबुडे एकत्र आलेले असतात, त्यातले दोन शेजारी असतात आणि दोन समोरासमोर. मधली भिंत आखूड होत होत शून्य होते आणि आडवी नवी भिंत उघडते, की आधीचे शेजारी दुरावले आणि समोरासमोरचे शेजारी झाले. फेस वाहतो, रेझरच्या फेसावर बोट फिरवलं की तो मागे येत नाही, ते सगळं या टी-वनमुळे. आणि यात बुडबुड्यांची संख्या तेवढीच! आधी चार, नंतर चार. नुसता बेटी नंबर मोजाल तर काहीच घडलं नाही असं उत्तर येईल, खरं तर मटेरियलमध्ये सगळ्यात महत्त्वाचं तेच घडलं होतं.

तुमच्या दह्यातही एक दोरा इथून सुटून तिथे चिकटला तर कड्या तेवढ्याच राहतील. म्हणून डायग्राम सारखा आला म्हणजे आत शांतता आहे असं समजू नका.

दुसरं, लोक दोन फ्रेमच्या डायग्राममध्ये ठिपक्यांच्या जोड्या लावतात, दोन डायग्राममधला फरक मोजणारं बॉटलनेक किंवा वासरस्टाइन अंतर काढताना तसं करावंच लागतं. पण ती जोडी म्हणजे तीच कडी नव्हे. हिशोबाला स्वस्त पडली म्हणून लागलेली जोडी आहे ती. मी या जोड्यांवरून बुडबुड्यांचे मार्ग काढले होते आणि ते सगळे चुकीचे निघाले. काळाबरोबर माग काढायचाच असेल तर त्यासाठी वेगळी साधनं आहेत, २००६ चं व्हिनयार्ड्स, किंवा कार्लसन आणि डी सिल्वाचं २०१० चं झिगझॅग पर्सिस्टन्स, ज्यात गोष्टी जोडता येतात आणि काढताही येतात. तिथे लगेच जायची गरज नाही. आधी प्रत्येक फ्रेमसाठी ऑयलर नंबर काढा, तुकडे वजा कड्या अधिक पोकळ्या. पर्सिस्टन्सशिवाय नुसते ठोकळे, त्यांच्या बाजू, कडा आणि कोपरे मोजून येतो, सगळ्या थ्रेशोल्डसाठी एक वक्र काढायला काही सेकंद पुरतात. वेळ एका अक्षावर, थ्रेशोल्ड दुसऱ्यावर, आणि रंगाने ऑयलर नंबर, असं एकच चित्र करा. माझ्या फेसात निम्म्या गोष्टी त्या एका चित्रात दिसल्या.

---

लेझर कमी करा

मी एका संस्थेत मायक्रोस्कोप सांभाळतो, गणितातलं फार कळत नाही, पण दर दोन मिनिटांनी स्टॅक काढताय हे वाचून राहवलं नाही. एवढ्या लेझरने रंग फिका पडणारच. मग चमक कमी झाली म्हणून डायग्राम हलला की दही बदललं म्हणून, हे कसं ओळखणार?

एक साधी चाचणी सांगतो, जी मी सगळ्यांना करायला लावतो. प्रयोग संपताना, त्याच वाटीत, जिथे लेझर एकदाही पडला नाही अशी जागा शोधा आणि तिथला एक स्टॅक काढा. सारख्याच वयाचं दही, एक जागा तासन् तास भाजलेली, एक ताजी. दोन्हींचं उत्तर सारखं आलं तर बदल दह्यातला. वेगळं आलं तर लेझरचा हात आहे. आणि एका जागेवर विसंबू नका, तीन तरी घ्या, काचेला चिकटून नको, थोडं आत.

---

उजनीकाठ

यात गणिताची भर घालतो कारण इथे ते उपयोगी पडतं. रंग सगळीकडे एकाच प्रमाणात फिका पडला तर उंच-सखलाचा क्रम बदलत नाही, त्यामुळे कुठलं बेट कुणात विलीन झालं तेही बदलत नाही. फक्त सगळे ठिपके एकत्र आक्रसतात. म्हणून चमकेऐवजी त्या फ्रेममधला तिचा क्रमांक वापरा, म्हणजे सगळ्यात अंधारा पिक्सेल ०, सगळ्यात उजळ १००, मधले शेकडेवारीने. एकसारखा फिकेपणा तिथल्या तिथे निघून जातो. उरतो तो नॉइज, कारण प्रकाश कमी म्हणजे दाणेदारपणा जास्त, आणि तो कर्णरेषेजवळ ठिपक्यांचा ढीग लावतो. त्यामुळे एकूण ठिपके किती हा आकडा कधीच वापरू नका, रेषेपासून लांबचे तेवढेच मोजा. आणि खोलीनुसार फिकेपणा वेगळा असेल तर प्रत्येक थराचा क्रमांक वेगळा लावून बघा.

---

विरजण

तीन आठवड्यांनी परत आले, उशीर झाला त्याबद्दल माफी.

आधी ताज्या जागेची चाचणी केली. माझ्याकडे दोन सरकणं दिसत होती, एक पहिल्या तासातलं आणि एक शेवटच्या दोन तासांतलं, आणि मी शेवटच्यावर अख्खं प्रकरण लिहायला घेतलं होतं. ताज्या जागेत ते शेवटचं सरकणं जवळपास नाहीच. क्रमांक लावल्यावर माझ्या जुन्या डेटातूनही ते बरंचसं गेलं. म्हणजे ते दही नव्हतं, माझा लेझर होता. दोन दिवस फार वाईट वाटलं पण आत्ता कळलं हे बरं झालं, परीक्षकांसमोर कळलं असतं तर काय केलं असतं. आता दर दोन मिनिटांऐवजी दर दहा मिनिटांनी स्टॅक काढते, लेझरही निम्म्यावर आणलाय.

पहिल्या तासातलं मात्र टिकलं, तिन्ही थ्रेशोल्डला दिशा एकच, तिन्ही जागांवर. ऑयलरच्या चित्रात एक पट्टा वाकताना दिसतो आणि तो जी-प्राइम उठायला लागतो त्याच्या थोडा आधी वाकतो.

आणि खडकवाले दादा, तुम्ही म्हणालात तसे शून्याजवळचे ठिपके शोधले. एक उचलला, होमक्लाउडमधून त्याच्या जागेवर गेले. दोन भोकांच्या मध्ये एक दोरा होता, दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये जेमतेम दोन-तीन व्हॉक्सेल. पुढच्या फ्रेममध्ये अजून बारीक, मग आणखी बारीक, आणि मग एका फ्रेममध्ये तो नव्हताच, दोन्ही भोकं एक झालेली आणि दोऱ्याची टोकं आपापल्या गाठीत ओढली जाऊन गोल झालेली. मी हा व्हिडिओ याआधी किमान पन्नास वेळा बघितला असेल. तिथे बघायचं हे माहीतच नव्हतं.

फेसवाल्या ताई, तुमचं वाचून त्या जागेच्या आसपास नवीन दोरा जुळतो का तेही बघितलं. या एका ठिकाणी नाही जुळला. पण एकावरून काही म्हणता येत नाही म्हणून आता शून्याजवळचे तीस ठिपके निवडलेत आणि एकेक करून हाताने बघतेय, तुटला, जुळला, की नुसता खाली-वर सरकून फोटोबाहेर गेला. अकरा झालेत.

---

साबणाचा फेस

तो तिसरा रकाना ठेवलात ते फार चांगलं केलंत, माझ्याकडे तोच नव्हता. फोटोच्या कडेपासून ठिपका किती लांब आहे तेही प्रत्येकासमोर लिहून ठेवा, कडेला अर्धवट कापल्या गेलेल्या कड्या शून्याजवळ विनाकारण गर्दी करतात. तीस झाले की इथे टाका, मी माझ्या फेसाचे टी-वन त्याच पद्धतीने मोजून शेजारी ठेवते.